कलपाचं रसायन (भाग 4) : तळाशी बसणारा काळा रंग

मागच्या भागात आपण कायमचा कलप पाहिला. पॅरा-फेनिलीनडायअमीन, म्हणजे पीपीडी, हायड्रोजन पेरॉक्साइडच्या सोबतीनं केसात शिरतं आणि आत मोठे रंगीत रेणू तयार होतात. पॅरिसमध्ये युजीन श्यूलर यांनी 1907 साली जो रंग आणला, त्या घराण्यातलंच हे रसायन. पण काहींना पीपीडी सोसत नाही. कलप लावल्यावर कपाळावर पुरळ उठतं, पापण्या सुजतात. एकदा ॲलर्जी झाली की ती बहुधा आयुष्यभर राहते. आजचा भाग त्यांच्यासाठी आहे, आणि शिरूर-दौंडकडच्या ज्या तरुणांना असं उत्पादन स्वतः करायचं आहे, त्यांच्यासाठीही.

दुसरी वाट रंगद्रव्याची. इथे केसाच्या आत काहीच घडत नाही. लोहाच्या ऑक्साइडचे बारीक कण एका पातळ पापुद्र्यात धरून केसाच्या बाहेरून बसवायचे. पिकलेला केस झाकला जातो आणि शाम्पूनं धुतला की रंग निघून जातो. टिकाऊपणात हा कलपाची बरोबरी करणार नाही, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायला हवं. तसंच पीपीडी नाही म्हणून ॲलर्जीची शक्यता शून्य, असंही सांगू नये. सुगंधी द्रव्य किंवा परिरक्षक एखाद्याला बाधू शकतं.

छटा जुळवणं त्यातल्या त्यात सोपं. नुसता काळा ऑक्साइड केसावर निर्जीव दिसतो. आपल्याकडचे केस काळे म्हणवतात, पण उन्हात धरले की त्यांत तपकिरी झाक दिसते. म्हणून काळ्यात थोडा लाल आणि थोडा पिवळा ऑक्साइड मिसळतात.

खरी कसोटी पुढे: ब्रशनं लावायच्या या पाणीदार रंगात कण तळाशी बसू न देण्याची. काळ्या ऑक्साइडची घनता पाण्याच्या पाचपट. अर्ध्या मायक्रॉनचा सुटा कण साध्या पाण्यात दिवसाला साधारण पाच सेंटिमीटर खाली जातो. हे कण एकमेकांना चिकटून पाच मायक्रॉनचा पुंजका झाला, तर वेग शंभरपट होतो, कारण बसण्याचा वेग आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दहा सेंटिमीटरच्या बाटलीत असा पुंजका अर्ध्या-पाऊण तासात तळ गाठतो. त्यातून काळा ऑक्साइड चुंबकीय, त्याचे कण आपणहून एकमेकांना ओढतात. नेलपॉलिशच्या बाटलीत ढवळण्यासाठी छोटी गोळी असते. इथे साध्या पोलादाची गोळी टाकली तर रंग तिलाच चिकटून बसेल. काचेची गोळी घ्यावी.

यावर नवखा माणूस पहिला उपाय करतो तो घट्ट करण्याचा. तो पुरत नाही. मिश्रण पाण्याच्या हजारपट घट्ट केलं, तरी पाच मायक्रॉनचा पुंजका दिवसाला चार-पाच मिलिमीटर उतरतोच, म्हणजे महिन्याभरात बाटलीचा तळ. आणि ही घट्टता उन्हाळ्यात टिकत नाही. भीमा आणि घोड या नद्या असल्या तरी शिरूर-दौंड हा पर्जन्यछायेचा मुलूख आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो, आणि पत्र्याच्या छपराखालच्या दुकानातल्या फळीवर तर त्याहून जास्त. बहुतेक दाट द्रव उष्णतेनं पातळ होतात.

हवी असते ती वेगळी गोष्ट: स्थिर असताना जाळं धरणारं मिश्रण. बाटली उभी असेल तर कणाच्या वजनानं ते जाळं तुटू नये आणि ब्रश फिरवला की लगेच सैल व्हावं. झँथन गम टक्क्याच्या काही अंशानंही हे साधतं, आणि उष्णतेत त्याची पकड इतर डिंकांच्या मानानं फारशी ढळत नाही. सोबत मॅग्नेशियम ॲल्युमिनियम सिलिकेटसारखी शुद्ध केलेली चिकणमाती घातली तर जाळं आणखी भक्कम होतं. कार्बोमर स्वस्त आणि देखणं, पण क्षार त्याला मारक आहेत. या मुलखातल्या बोअरचं पाणी बहुधा जड असतं. त्यातल्या कॅल्शियमनं कार्बोमरचा जेल कोसळतो. पाणी क्षारमुक्त केलेलंच वापरावं, आणि लोहाचे विद्राव्य अंश सुगंधी द्रव्य बिघडवू नयेत म्हणून किंचित ईडीटीए घालावं.

क्रम चुकला तर मात्र चांगला डिंकही वाचवत नाही. बेसन एकदम गरम पाण्यात टाकलं की पिठल्यात गुठळ्या होतात, तसंच इथे. कोरडी भुकटी आधी ग्लिसरीन आणि विखुरकात (कण सुटे ठेवणाऱ्या द्रव्यात) भिजवायची, रोलर मिलमधून काढायची, रंगकामाच्या उद्योगातल्या हेगमन गेजवर बारीकपणा पाहायचा आणि मगच डिंकाच्या द्रावणात सोडायची. घाईनं घोटलं तर हवा अडकते आणि नंतर त्या बुडबुड्यांमुळे ब्रशवर रंग तुटक येतो.

आता पापुद्रा. या मुलखात डोक्यावर पांढरी टोपी घालणारी माणसं अजून भरपूर आहेत. घामाबरोबर टोपीला काळा डाग लागला, तर ते गिऱ्हाईक परत येणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. पापुद्रा धरणारं ॲक्रिलेट पाण्याला दाद न देणारं पण शाम्पूला शरण जाणारं हवं. ते फार कडक असेल तर केस हलले की खवले पडतात. फार मऊ असेल तर उन्हात चिकट होऊन रस्त्याची धूळ ओढतं. प्रयोगशाळेच्या थंड खोलीत निवडलेलं ॲक्रिलेट मे महिन्यात दौंडच्या फलाटावर वेगळं वागतं. म्हणून वाळलेल्या पापुद्र्याची चाचणी 42 अंशांवर, पांढऱ्या सुती कापडावर घासून घ्यावी.

टिकाऊपणासाठी नमुने तीन महिने 40 ते 45 अंशांवर ठेवतात, गोठवून वितळवतात, जोरात फिरवून पाहतात. मी त्यात आणखी एक भर घालेन: खोकं टेम्पोत ठेवून शिरूर-न्हावरे-चौफुला रस्त्यानं फिरवून आणावं. हादऱ्यांनी कण दाटून तळाशी दगडासारखा थर बनतो, आणि तो हलवूनही सुटत नाही. थोडासा सैल थर बसला आणि दोन हिसक्यांत मिसळला, तर ते मिश्रण वापरण्याजोगं आहे.

रंगद्रव्य कुठून घेता, याकडे मी सर्वांत कडक नजरेनं पाहीन. पेव्हर ब्लॉकसाठी मिळणारा लाल-पिवळा-काळा ऑक्साइड दिसायला तोच, भावात कितीतरी स्वस्त. पण शिसं, आर्सेनिक यांचे अंश त्यात किती, याची हमी नसते. तो डोक्याला लावायचा नाही. रंग आयएस 4707 च्या पहिल्या भागातल्या यादीतला, प्रसाधनाच्या दर्जाचा आणि प्रत्येक बॅचच्या तपासणी अहवालासह घ्यावा. विक्रीसाठी बनवायचं असेल तर सौंदर्यप्रसाधन नियम 2020 प्रमाणे परवाना लागतो. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत रसायन हाताळणारी माणसं पुष्कळ आहेत, रांजणगावात यंत्रं समजणारी. दोघांनी एकत्र येऊन हे उत्पादन काढावं असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या भागात: पाण्यावर बेतलेल्या या रंगात बुरशी का धरते, आणि बाटलीत पुन्हा पुन्हा बुडणारा ब्रश तिला कशी मदत करतो.