थाळनेर : तापीकाठचा फाशीचा बुरूज

युद्ध, हत्याकांड किंवा तुरुंगवास यांच्या खुणा पाहण्यासाठी होणाऱ्या प्रवासाला हल्ली मृत्युस्थळ पर्यटन असे म्हटले जाते. जालियनवाला बाग आणि अंदमानचे सेल्युलर जेल ही त्याची सर्वपरिचित ठाणी होत. खानदेशात भयाचा विषय निघाला की बोलणे सहसा अश्वत्थाम्यावर येते. कपाळावरची भळभळती जखम घेऊन तेल मागत फिरणारा हा चिरंजीव सातपुड्यातल्या अस्तंभा शिखरावर आणि असीरगडावर वावरतो, अशी श्रद्धा आहे. धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यातील थाळनेरला मात्र अशा कुठल्याही आख्यायिकेची गरज नाही, कारण तेथील भीषण घटना सरकारी कागदपत्रांतच नोंदलेली आहे.

तापीच्या काठावरचे हे गाव फारुकी राजवटीचे पहिले ठाणे होते. मलिक राजा या सरदाराला 1370 मध्ये फिरोजशहा तुघलकाकडून थाळनेर आणि करवंद ही जहागीर मिळाली, 1399 मध्ये त्याचा मृत्यू झाला आणि त्याचे दफनही येथेच झाले. फारुकींचे हजिरे, म्हणजे घुमटदार थडगी, आजही गावात आहेत. त्यांतील अष्टकोनी हजिरा आवर्जून पाहावा असा आहे. तरीही थाळनेरचे नाव इंग्लंडच्या संसदेपर्यंत पोहोचले ते थडग्यांमुळे नव्हे, तर किल्ल्यामुळे.

6 जानेवारी 1818 च्या मंदसौर तहान्वये होळकरांचा सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख इंग्रजांकडे गेला. त्याचा ताबा घेण्यासाठी निघालेला इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉप 27 फेब्रुवारीला थाळनेरसमोर आला, तेव्हा किल्ल्यावरून तोफा सुटल्या. प्रतिकार केल्यास बंडखोर समजले जाईल, असा इशारा देऊन इंग्रजांनीही तोफा लावल्या. एकामागोमाग एक पाच दरवाजे असलेल्या या किल्ल्यात इंग्रज फौज शिरू लागली, तेव्हा किल्लेदार तुळशीराम मामा काही व्यापाऱ्यांसह बाहेर येऊन स्वाधीन झाला. शेवटच्या दरवाजाची दिंडी, म्हणजे मोठ्या दारातले माणसापुरते छोटे दार, उघडी होती. त्यातून काही अधिकारी मोजक्या शिपायांसह आत गेले. आतल्या अरब शिबंदीशी, म्हणजे पगारी सैनिकांशी, त्यांचे बोलणे एकमेकांना उमगेना, आणि झटापटीत मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले. त्यानंतर सुमारे अडीचशे-तीनशे जणांची शिबंदी कापून काढण्यात आली आणि किल्लेदाराला बुरुजावर फाशी देण्यात आली.

इंग्रजांना जिच्यात दग्याची शंका आली ती झटापट झाली, त्या वेळी किल्लेदार इंग्रजांच्याच ताब्यात होता. दग्यात त्याचा हात असो वा नसो, आधीच्या प्रतिकारासाठीच ही शिक्षा त्याला योग्य होती, असे समर्थन हिस्लॉपने केले. पण आरोप सिद्ध न करताही शिक्षा न्याय्य ठरवणारा हा युक्तिवाद संसदेलाही पचला नाही. मार्च 1819 मध्ये सैन्याच्या आभाराचा ठराव मंजूर करताना थाळनेरच्या कृत्याला मान्यता दिलेली नाही, हे मुद्दाम स्पष्ट करण्यात आले.

तापीच्या पात्राच्या काठाने उभ्या असलेल्या या किल्ल्याच्या तटबंदीचा बराच भाग आता ढासळला आहे आणि उरलेल्या बुरुजांवर झुडपे माजली आहेत. थाळनेरच्या धाकाने इतर किल्ल्यांतले अरब नमतील हा इंग्रजांचा हिशेबही तेव्हा चुकला. मे 1818 पासून मालेगावच्या शिबंदीने जवळजवळ महिनाभर किल्ला लढवला आणि तेथील अरब खाली उतरले ते वागणुकीच्या हमीचा मराठी कागद हातात पडल्यावरच.