गावाने उघडलेले दुकान

बाजारपेठेतील एखादे जुने दुकान बंद झाले की त्याचा पहिला आघात मालकावर होतो आणि दुसरा गावावर. मालकाचा तोटा वहीत दिसतो. गावाचा तोटा कोणत्याही वहीत मांडला जात नाही. अमेरिकेतील एका लहानशा गावाने हा दुसरा तोटा ओळखला, त्याचा हिशेब मांडला आणि तो भरून काढण्यासाठी स्वतःच दुकानाचे मालकपण पत्करले. व्यापार हाच ज्यांचा वंशपरंपरागत व्यवसाय आहे, अशा आपल्या कुटुंबांनी त्या गावाची ओळख करून घ्यावी, असे त्याचे चरित्र आहे.

गावाचे नाव सॅरनॅक लेक. न्यू यॉर्क राज्याच्या उत्तर भागात, अॅडिरॉन्डॅक पर्वताच्या दाट वनराईत ते वसले आहे. २०१० च्या जनगणनेत तेथील लोकवस्ती सुमारे ५,४०० होती; २०२० मध्ये ती पाच हजारांच्याही खाली आली. गाव इतके लहान, तरी दोन जिल्ह्यांच्या आणि तीन नगरांच्या सीमा त्यातून जातात. गावाच्या मध्यभागी फ्लॉवर नावाचे सरोवर आहे. हिवाळा इतका कडक की अमेरिकेतील अतिथंड ठिकाणांच्या यादीत या गावाचे नाव वारंवार झळकते. सुमारे पंधरा किलोमीटरवर लेक प्लॅसिड हे १९३२ आणि १९८० च्या हिवाळी ऑलिंपिकमुळे जगप्रसिद्ध झालेले गाव आहे. सॅरनॅक लेकची कीर्ती मात्र खेळांवर उभी राहिलेली नाही. ती उभी राहिली आजाऱ्यांच्या सेवेवर.

न्यू यॉर्क शहरातील एक तरुण डॉक्टर, एडवर्ड लिव्हिंगस्टन ट्रूडो, यांना १८७३ साली क्षयरोग जडल्याचे निष्पन्न झाले. त्यांच्या थोरल्या भावाला याच रोगाने नेले होते आणि त्याची शुश्रूषा त्यांनी स्वतः केली होती. त्या काळी या निदानाचा अर्थ मृत्यू असाच घेतला जाई. उरलेले दिवस आवडत्या अरण्यात घालवावेत, म्हणून ट्रूडो अॅडिरॉन्डॅकमध्ये आले. तेथील मोकळ्या हवेत आणि विश्रांतीत त्यांची प्रकृती सुधारली. १८७६ साली ते सॅरनॅक लेक येथे राहावयास आले. मोकळी हवा, पूर्ण विश्रांती आणि पौष्टिक आहार यांवर आधारलेल्या उपचारांविषयी त्यांनी युरोपातील वैद्यांचे लेखन वाचले आणि जो लाभ आपल्याला झाला तो गरीब रुग्णांनाही मिळावा, असा ध्यास घेतला.

श्रीमंत रुग्णाला हवापालट परवडतो. गिरणीत राबणाऱ्याला तो कसा परवडावा? १८८४ साली ट्रूडो यांनी आरोग्यधामाचा पाया घातला. त्यासाठी लागणारी सोळा एकर जमीन त्यांना कोणा कोट्यधीशाने दिली नाही. शिकाऱ्यांना आणि प्रवाशांना रानवाटा दाखवून पोट भरणाऱ्या स्थानिक वाटाड्यांनी आपसांत वर्गणी काढून ती विकत घेतली आणि त्यांना अर्पण केली. तेथे पहिली लहानशी कुटी उभी राहिली. लाल रंगामुळे तिला ‘लिटल रेड’ म्हणत. तिच्यात आलेल्या पहिल्या रुग्ण म्हणजे कारखान्यात काम करणाऱ्या दोन बहिणी. रुग्णाकडून प्रत्यक्ष खर्चापेक्षा कमी रक्कम घ्यायची आणि उरलेली तूट देणग्यांतून भरून काढायची, हा तेथील नियम होता. दर वर्षी ठरवून तोटा सोसणारी ही संस्था सत्तर वर्षे चालली! १८९३ साली ट्रूडो यांचे घर आणि त्यातील प्रयोगशाळा आगीत भस्मसात झाली, तेव्हा मित्रांच्या साहाय्याने दुसऱ्याच वर्षी विटादगडांची नवी प्रयोगशाळा उभी राहिली. क्षयरोगाच्या संशोधनासाठी बांधलेली ती अमेरिकेतील पहिली प्रयोगशाळा होय. १८९२ साली गावाला नगरपालिकेचा दर्जा मिळाला, तेव्हा पहिले नगराध्यक्ष म्हणून गावकऱ्यांनी ट्रूडो यांनाच निवडले.

आरोग्यधामात सर्वांना जागा मिळणे शक्य नव्हते. मग गावातील घरेच रुग्णालये झाली. घराघराला रुंद, काचांनी बंदिस्त करता येणारे व्हरांडे जोडले गेले. त्यांत आरामखुर्च्या मांडून रुग्ण दिवसाचे कित्येक तास, कडाक्याच्या थंडीतही, घोंगड्या पांघरून उघड्या हवेत पडून राहत. कोणत्या घरात ग्रीक रुग्ण राहत, कोणत्या घरात स्पॅनिश बोलणारे. ज्यू रुग्णांसाठी त्यांचे आहारनियम पाळणारी स्वतंत्र घरेही होती. घरमालकीण, परिचारिका, औषधविक्रेता, दूधवाला, किराणा दुकानदार अशा साऱ्यांचा चरितार्थ रुग्णसेवेशी बांधला गेला. लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी १८८७-८८ चा हिवाळा येथे काढला. फिलिपिन्सचे अध्यक्ष मॅन्युएल केझॉन यांचे देहावसान १९४४ साली याच गावात झाले.

पुढे क्षयावर प्रभावी औषधे निघाली आणि १९५४ साली आरोग्यधामाचे दरवाजे बंद झाले. मानवजातीच्या दृष्टीने ही आनंदाचीच वार्ता होती. परंतु ज्या गावाची सारी उलाढाल रुग्णांवर अवलंबून होती, त्याच्या दृष्टीने तो मोठा घाला होता. ज्या कार्यासाठी गाव झिजले, त्याच कार्याच्या यशाने गावाचा धंदा संपला. तरीही गाव ओसाड पडले नाही. व्हरांड्यांची घरे सामान्य कुटुंबांची घरे झाली, आणि १९६४ साली ट्रूडो यांच्या नावाची संशोधनसंस्था तेथे नव्याने उभी राहिली.

दुसरा घाला २००२ साली बसला. गावात एम्स या साखळीचे एक मोठे दुकान होते. चादरी, टॉवेल, मुलांचे कपडे, पायमोजे असा रोजच्या गरजेचा माल तेथे मिळे. ती साखळीच दिवाळखोरीत निघाली आणि दुकान बंद पडले. आता साध्या आतल्या कपड्यांसाठीही लोकांना सुमारे ऐंशी किलोमीटरवरील प्लॅट्सबर्गला जावे लागू लागले. बर्फाच्या दिवसांत हा प्रवास म्हणजे परीक्षाच. मोटार न चालवणाऱ्या वृद्धांची अवस्था तर विचारायलाच नको. शिवाय चादर आणायला परगावी गेलेला मनुष्य येताना भाजी, औषधे आणि भेटवस्तूही तेथूनच घेऊन येतो. एक दुकान बंद झाले की शेजारच्या दहा दुकानांचा गल्ला हलका होतो, हे आपल्याला वेगळे सांगावयास नको.

अशा वेळी वॉलमार्ट या बलाढ्य कंपनीने गावात मोठे दालन काढण्यात रस दाखवला. गावात दोन तट पडले. स्वस्त माल आणि रोजगार मिळेल, असे एका पक्षाचे म्हणणे. मुख्य रस्त्यावरची उरलीसुरली दुकानेही बंद होतील, असे दुसऱ्याचे. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते. अखेर ती योजना मागे पडली. पण मूळ अडचण तशीच राहिली. विरोध करून पायमोजे मिळत नाहीत. दुकान तर हवेच होते. मग ते काढावे कोणी?

काही नागरिकांनी उत्तर दिले: आपणच काढावे. वायोमिंग राज्यातील पॉवेल या गावाने २००२ मध्ये पाचशे डॉलरांचे भाग विकून स्वतःचे दुकान उघडले होते. सॅरनॅक लेकने भागाची किंमत आणखी खाली आणून शंभर डॉलर ठेवली. भाग केवळ न्यू यॉर्क राज्याच्या रहिवाशांनाच घेता येत आणि एका व्यक्तीला दहा हजार डॉलरांहून अधिक रक्कम गुंतवण्यास मनाई होती. दुकान एका धनिकाच्या मुठीत जाऊ नये, यासाठी ही मर्यादा किती उपकारक आहे, हे भागीदारीचे व्यवहार जाणणाऱ्यांच्या ध्यानी सहज येईल. पाच लक्ष डॉलर जमवायचे होते. त्याला जवळजवळ पाच वर्षे लागली. त्या काळातच जागतिक मंदी आली. तरीही सहाशेहून अधिक लोकांनी पैसे गुंतवले, आणि २०११ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस मुख्य रस्त्यावर सुमारे चार हजार चौरस फुटांचे ‘सॅरनॅक लेक कम्युनिटी स्टोअर’ उघडले. ते टिकले आणि २०२१ मध्ये त्याने दहा वर्षे पूर्ण केली.

शंभर डॉलरांच्या भागातून कोणी धनवान होणार नव्हते, हे भाग घेणाऱ्यांनाही ठाऊक होते. त्यांनी विकत घेतला तो आपल्या गावातच खरेदी करण्याचा हक्क. आणि हक्काबरोबर कर्तव्यही आले. भाग एकदाच घ्यावा लागतो, खरेदी मात्र रोज करावी लागते. दुसरीकडे तीच वस्तू दोन पैसे स्वस्त मिळत असताना आपल्या दुकानाची पायरी चढायची, ही कसोटी दररोज द्यावी लागते. दुकानालाही केवळ गावप्रेमावर विसंबून चालत नाही. रास्त भाव, चोख माल आणि ग्राहकाची नेमकी गरज ओळखण्याची दृष्टी यांवाचून कोणाचीही पेढी तग धरत नाही, मग तिचे मालक सहाशे असोत वा एक.

या गावाची आणखी एक प्रथा सांगितल्यावाचून राहवत नाही. रुग्णांचा आणि रहिवाशांचा लांबलचक हिवाळा सुसह्य व्हावा, म्हणून १८९७ साली तेथे हिवाळी उत्सव सुरू झाला. आजही दर हिवाळ्यात फ्लॉवर सरोवरातील गोठलेल्या पाण्याचे मोठमोठे ठोकळे कापून गावकरी हिमाचा महाल उभारतात. एकेक ठोकळा शेकडो किलोंचा. कामाला येणारे सारे स्वयंसेवक असतात. मोबदला कोणी मागत नाही. काही आठवड्यांत उन्हाने महाल वितळतो आणि पाणी पुन्हा सरोवराला मिळते. पुढच्या वर्षी तेच लोक करवती घेऊन पुन्हा सरोवरावर येतात.

सोळा एकरांसाठी वर्गणी काढणारे वाटाडे आणि शंभर डॉलरांचा भाग घेणारे त्यांच्या गावचे आजचे रहिवासी यांच्यामध्ये सव्वाशे वर्षांचे अंतर आहे. पण एकत्र येऊन काम करण्याची सवय त्या गावाने मोडू दिली नाही, आणि अडचणीच्या वेळी तीच भांडवलासारखी उपयोगी पडली. आपल्या पेठांमधूनही आज जुन्या दुकानांच्या फळ्या एकामागून एक लागत आहेत. पुढची पिढी शहरात गेली आहे, ग्राहकाच्या हाती मोबाइल आला आहे. प्रत्येक दुकान वाचेलच असे नाही, आणि वाचावेच असेही नाही. परंतु शेजारच्या दुकानाची फळी लागते तेव्हा तो केवळ त्याचा तोटा, असे म्हणून आपण स्वस्थ बसतो का, हा प्रश्न एकदा घरातल्या सर्वांनी मिळून स्वतःला विचारावा.