पहिल्या श्वासासरशी बदलणारं हृदय

गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्यातच बाळाचं हृदय धडधडू लागतं. फुप्फुसं मात्र जन्मापर्यंत द्रवानं भरलेली असतात. प्राणवायू मिळतो तो आईच्या रक्तातून, वारेमार्गे. नाळेत तीन रक्तवाहिन्या असतात: एक शुद्ध रक्त बाळाकडे आणते, दोन अशुद्ध रक्त वारेकडे परत नेतात.

बहुतेक रक्त फुप्फुसांना वळसा घालून जातं, दोन आडवाटांनी. पहिली म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं छिद्र. एकाच बाजूला उघडणाऱ्या दारासारखी पातळ झडप त्याला असते. दुसरी, फुप्फुसाच्या धमनीला महाधमनीशी जोडणारी आखूड नळी.

बाळ पहिला श्वास घेतं आणि फुप्फुसं फुलतात. रक्त तिकडे धावतं, तिथून डाव्या कप्प्यात येतं, तिथला दाब वाढतो आणि झडप मिटते. नळी पुढच्या दोन-तीन दिवसांत आकसते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात ती उघडी राहू शकते. गरज पडल्यास औषधानं किंवा शस्त्रक्रियेनं बंद करता येते.

या वाटा पूर्ण मिटेपर्यंत त्यांतून वाहणाऱ्या रक्ताचा आवाज ऐकू येऊ शकतो. म्हणूनच नवजात बाळाच्या हृदयात जादा आवाज येतोय असं डॉक्टरांनी सांगितलं, तर घाबरून जाऊ नका. पण सांगितलेली तपासणी चुकवूही नका.