परवलीचा शब्द

पूर्वी शिर्डीस येणारा यात्रेकरू कोपरगावच्या स्थानकावर उतरे आणि टांग्याने गोदावरी ओलांडून पुढची वाट धरी. मुक्कामाची सोय गावात पोहोचल्यावरच होई. आज हैदराबादचा किंवा सुरतेचा भाविक घरी बसून संस्थानच्या संकेतस्थळावर दर्शनाची वेळ आणि भक्तनिवासातील खोली ठरवू शकतो. अशा संकेतस्थळांवर बहुधा आपल्या नावाचे खाते उघडावे लागते, आणि त्या खात्याच्या दाराशी एक पहारेकरी उभा असतो. तो नातेगोते विचारत नाही. एक शब्द मागतो. त्यालाच पासवर्ड म्हणतात. आपल्या भाषेत त्याला जुने आणि नेमके नाव आहे : परवलीचा शब्द. रात्री चौकीवरचा शिपाई येणाऱ्याला हटकून जो ठरलेला शब्द विचारी, तो हा. जुळला तर आपला माणूस, न जुळला तर परका.

संगणकाच्या दारी हा पहारेकरी १९६१ च्या सुमारास आला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत एकच संगणक अनेक जण वाटून वापरीत. प्रत्येकाचे काम निराळे राहावे म्हणून फर्नांडो कॉर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येकासाठी वेगळा शब्द ठेवण्याची सोय केली. हे सर्व शब्द संगणकातच एका यादीत जसेच्या तसे लिहिलेले असत. १९६२ साली तेथील ॲलन शेर या संशोधकाला नेमून दिलेली वेळ अपुरी पडू लागली. त्याने ती यादीच छापून घेतली आणि इतरांचे शब्द देऊन इतरांची वेळ वापरली!

शब्द जसेच्या तसे साठवू नयेत, हे अशा प्रकारांतून पुढे उमगले. त्यावर जो उपाय निघाला तो समजण्यास शिर्डीतीलच एक वस्तू उपयोगी पडेल. द्वारकामाईत साईबाबांचे जाते जपून ठेवलेले आहे. बाबांनी स्वतः गहू दळल्याची कथा गोविंद रघुनाथ दाभोलकर यांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’च्या प्रारंभीच येते. जात्यात गहू घातले की पीठ होते. पिठाचे पुन्हा गहू कोणालाही करता येत नाहीत. नीट रचलेली संकेतस्थळे आपल्या शब्दाचे असेच करतात. तो गणिताच्या जात्यातून दळून काढतात आणि केवळ पीठ साठवतात. पुढच्या खेपेस तुम्ही शब्द दिला की तोही दळतात व दोन्ही पिठे ताडून पाहतात. या जात्याचा गुण असा की, त्याच शब्दाचे पीठ प्रत्येक वेळी तंतोतंत तेच निघते आणि एक अक्षर बदलले तरी ते अगदी निराळे होते. दोघांनी योगायोगाने एकच शब्द निवडला तरी पिठे सारखी दिसू नयेत, म्हणून प्रत्येक खात्याच्या दळणात चिमूटभर वेगळी भर घालतात. संगणकशास्त्रात तिला खरोखरच ‘मीठ’ म्हणतात! तुम्ही शब्द विसरलात तर असे संकेतस्थळ जुना शब्द सांगत नाही, नवा ठरवावयास लावते. जुना त्यालाही ठाऊक नसतो.

चोराने हे पीठ पळवले तर? गहू त्याच्या हाती लागत नाहीत. परंतु लोकांना सहज सुचतील असे शब्द तो स्वतःच एकामागून एक दळून ताडून पाहतो. शिर्डीच्या भाविकाला काय सुचेल? ‘साईराम’, आणि त्यापुढे बाबांच्या समाधीचे वर्ष, १९१८. श्रद्धा उत्तमच, पण ती लाखो लोकांची आहे, मग तो शब्द गुपित कसा राहील? जन्मतारखेचेही तसेच. आठ अंकांच्या दहा कोटी जुळण्या होतात हे खरे, तथापि शंभर वर्षांत दिवस असतात अवघे साडेछत्तीस हजार. यंत्राला तेवढे ताडणे क्षणाचे काम. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून लांब शब्द करावा, आणि प्रत्येक खात्याला निराळा. एके ठिकाणी फुटलेला शब्द चोर दुसरीकडेही लावून पाहतोच.

एवढे करूनही मागचे दार उघडे राहू शकते. शब्द विसरणाऱ्यांसाठी काही ठिकाणी सुरक्षा-प्रश्न असतात : आईचे माहेरचे आडनाव काय? पहिली शाळा कोणती? आवडते पुस्तक कोणते? माझ्या निवृत्तिवेतनाच्या खात्यासाठी मी या तिन्ही प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे भरली होती. माझा एक जुना विद्यार्थी घरी आला असता बोलण्यात ही गोष्ट निघाली. माझ्या निवृत्तीच्या वेळी काढलेली गौरवपुस्तिका त्याने फळीवरून काढली आणि एकेका पानावर बोट ठेवीत म्हणाला, “सर, हे तुमचे आजोळ, ही पहिली शाळा आणि हे पुस्तक. तिन्ही उत्तरे येथे छापली आहेत.” त्या पुस्तिका मी स्वतः हौसेने गावभर वाटल्या होत्या!

अशाच चुकीची किंमत मोठमोठ्यांनाही द्यावी लागली आहे. २००८ साली अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांच्या पत्रव्यवहाराच्या खात्यात एक विद्यार्थी शिरला. पतीची भेट कोठे झाली, असा प्रश्न होता. उत्तर जाहीर माहितीतून सापडण्याजोगे होते.

त्या विद्यार्थ्याने मला खोटी उत्तरे भरण्यास सुचवले तेव्हा, खरे सांगतो, मी बिचकलो. सारा जन्म ‘खरे बोला’ म्हणून शिकविण्यात गेला. पुढे विचार केला : चौकीवरच्या शिपायाला ‘कमळ’ असा शब्द दिला म्हणून कोणी कमळाचे फूल दाखवा म्हणत नाही. यंत्राला माझ्या आईचे कूळ जाणून घ्यावयाचे नाही. त्याला आधी ठरलेले अक्षर हवे. हा दुसरा परवलीचा शब्दच होय. मात्र सरकारी अर्जात आईचे नाव विचारले तर ते खरेच लिहावयाचे. तो प्रश्न निराळा. शिवाय खोटे उत्तरही सर्वांना सारखेच सुचते, असे गूगलच्या संशोधकांना २०१५ साली आढळले. म्हणून तेही असंबद्धच हवे.

असंबद्ध उत्तर विसरण्याची भीती असते. त्यासाठी मी एक वही केली आहे. ती कपाटात कुलपाखाली असते आणि किल्ली कोठे आहे ते घरात एकाच व्यक्तीला ठाऊक आहे. परदेशातून खाते फोडू पाहणाऱ्याला माझ्या कपाटापर्यंत येता येणार नाही. वहीत आईच्या माहेरच्या आडनावापुढे आता एक नदी, एक भाजी, एक अवजार आणि एक पक्षी अशी चार नावे लिहिली आहेत. कोणती, ते अर्थातच येथे छापणार नाही.