सावली टपरीपर्यंत

मांजरसुंब्याच्या चौकात संध्याकाळी एसटीची वाट बघताना माझी सावली पार रस्त्यापलीकडच्या टपरीला टेकते. माझी उंची पाच फूट दोन इंच! भूगोलाच्या तासाला मी हेच सांगायचे: गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवली, की काहीतरी ताणलं जाणारच. हे प्रक्षेपण. मर्केटरनं १५६९ साली दर्यावर्दींसाठी नकाशा केला. कोन जपले, पण ध्रुवांकडचे प्रदेश फुगले. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. खरं तर आफ्रिका चौदा पट मोठी. नातवाच्या गेममध्ये दूरची गाडी बारीक होते, तेही प्रक्षेपणच. फ्रॉइडनं मात्र हा शब्द मनाला लावला: आपल्या आतला राग दुसऱ्याच्या तोंडावर दिसणं. काल कंडक्टर मला चिडलेला वाटला. तो बिचारा सुटे मोजत होता.