ब्रेकची डिस्क : अंदाजाने नव्हे, मोजून बदला

आपल्यापैकी अनेक छोट्या व्यापाऱ्यांचा धंदा आजही जुन्या गाडीवर चालतो. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये आणि ओम्नीचे २०१९ मध्ये बंद झाले. पण तागे आणि तयार कपडे लादून बाजाराला जाणाऱ्या या गाड्या अजून रस्त्यावर दिसतात. इंजिनकडे मालक लक्ष देतो, कारण ते बंद पडले की त्या दिवसाची दुकानदारी बुडते. ब्रेककडे मात्र आवाज येईपर्यंत कोणी पाहत नाही. तेथे प्रश्न केवळ दुकानदारीचा नसतो. गाडीत बसलेल्यांचा आणि रस्त्यावरच्या माणसांचा जीव त्यावर अवलंबून असतो.

बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असतात. डिस्क, म्हणजेच रोटर, ही चाकाबरोबर फिरणारी ओतीव लोखंडाची तबकडी. पेडल दाबले की कॅलिपरमधील दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी आवळतात आणि गाडीची गती उष्णतेत बदलते. गती दुप्पट झाली तर ही उष्णता चौपट होते. ताशी ४० ऐवजी ८० च्या वेगाने जाणारी गाडी थांबवताना डिस्कवर किती भार येतो, याचा हिशेब यावरून करावा. शिवाय ब्रेक लागताच गाडीचे वजन पुढे झुकते, म्हणून मोठे काम पुढच्या डिस्कलाच करावे लागते.

ही उष्णता आधी डिस्कच्या लोखंडात साठते, मग हवेत जाते. डिस्क झिजून पातळ झाली की साठवायला लोखंड कमी उरते, ती लवकर तापते आणि तिला तडे जाऊ शकतात. मालेगावहून भिवंडीकडे माल घेऊन जाणाऱ्याला कसारा घाट उतरावा लागतो. भरलेली गाडी तेथे सतत ब्रेकवर उतरवली तर ऑइल उकळून त्यात वाफ धरते आणि पेडल तळाला जाते. घाट खालच्या गिअरमध्येच उतरावा, ही उस्तादांची जुनी शिकवण याचसाठी आहे.

आता मुख्य मुद्दा. गॅरेजमध्ये बहुधा नवे पॅड घालून गाडी परत दिली जाते. डिस्क नजरेने किंवा बोट फिरवून पाहिली जाते. आपण कापडवाले मापाशिवाय व्यवहार करत नाही, मग येथे अंदाज का चालावा? बहुतेक डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला किंवा ओतलेला असतो. गंज ब्रशने साफ केला की तो दिसतो. दिसला नाही तर गाडीच्या दुरुस्ती-पुस्तकातून घ्यावा. डिस्क त्याखाली गेली असेल तर ती बदलणे हाच मार्ग.

मोजताना एक फसगत होते. पॅड जेथे घासत नाहीत त्या बाहेरच्या कडेला झिजेनंतर काठ उरतो. व्हर्निअरचे जबडे त्या काठावर टेकतात आणि जाडी खोटी, जास्त दाखवतात. म्हणून मायक्रोमीटर वापरावा. तो नसेल तर डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकसारखी दोन नाणी ठेवून माप घ्यावे आणि नाण्यांची जाडी वजा करावी. माप सात-आठ ठिकाणी घ्यावे.

डिस्क लेथवर घासून घ्यायची असेल तर हिशेब आधी करावा. समजा डिस्क ९.२ मिलिमीटर भरली आणि मर्यादा ८ आहे. दोन्ही बाजूंनी अर्धा मिलिमीटर काढला तर उरले ८.२. ही डिस्क पॅडचा नवा जोड संपण्याआधीच मर्यादेखाली जाईल. अशा वेळी लेथची मजुरी वाया गेली असेच समजावे.

ब्रेक लावताच स्टिअरिंग थरथरले की "डिस्क वाकडी झाली" असे म्हटले जाते. पुष्कळदा ती वाकलेली नसते. तिची जाडी एकसारखी राहिलेली नसते. हबवर गंजाचा बारीक थर ठेवून नवी डिस्क बसवली तर ती किंचित तिरकी बसते. प्रत्येक फेऱ्यात एकच जागा पॅडला घासते आणि तेवढीच पातळ होते. थरथर काही हजार किलोमीटरनंतर सुरू होते आणि दोष दुकानदाराच्या मालाला दिला जातो. म्हणून हब चकचकीत होईपर्यंत साफ करावा आणि चाकाचे नट आळीपाळीने, समोरासमोरचे, सारख्या जोराने आवळावेत.

कारीगरांनी आणखी काही गोष्टी पाळाव्यात. एकाच आसावरील दोन्ही डिस्क जोडीने बदलाव्यात आणि पॅडही नवे घालावेत. कॅलिपर रबरी नळीवर लटकू न देता तारेने बांधावा. नव्या डिस्कवरचे गंजरोधक तेल ब्रेक-क्लीनरने पुसावे. डिझेल किंवा रॉकेल वापरू नये. स्लाइड पिनला ब्रेकचेच ग्रीस लावावे, कारण साध्या ग्रीसने रबर फुगते आणि पिन अडकते. ब्रेकची धूळ हवेने उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या कपड्याने पुसावी.

गाडी बाहेर काढण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबावे. मग मोकळ्या रस्त्यावर ५० च्या वेगावरून १० पर्यंत आठ-दहा वेळा, मध्ये थोडे थंड होऊ देत, वेग कमी करावा. पूर्ण थांबू नये. याने पॅड आणि डिस्क एकमेकांना बसतात. ब्रेक ऑइल हवेतील पाणी शोषते आणि लवकर उकळू लागते, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावे.

शेवटी दोन्ही बाजूंना एक सूचना. कारीगराने बिलावर दोन आकडे लिहावेत : डिस्कची आजची जाडी आणि किमान जाडी. जुना भाग ग्राहकाला दाखवावा. ग्राहकाने ते आकडे मागून घ्यावेत आणि पावती जपून ठेवावी. मजुरीवरून होणारी हुज्जत यामुळे कमी होईल, भरवसा वाढेल आणि पुढच्या वेळी डिस्क किती झिजली हे कागदच सांगेल. हे लिहायला एक मिनिटही लागत नाही.