लाखाचं घड्याळ घेण्याआधी त्याच्या आत काय आहे ते बघा

लोकलच्या गर्दीत ज्यांचा एपिसोड अर्धा राहिला, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी अवतार.

आजचा प्रश्न असा: पहिला मोठा बोनस आलाय, ऐंशी हजार ते लाखभराचं घड्याळ घ्यायचंय, कोणतं घेऊ? ब्रँडचं नाव मी सांगणार नाही. पण घड्याळ चालतं कसं हे कळलं, तर दुकानात काय विचारायचं ते आपोआप कळेल.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. अचूक वेळेसाठी महाग घड्याळ लागत नाही. हजार-दीड हजाराच्या क्वार्ट्झ घड्याळात बॅटरीवर चालणारा एक छोटा स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. कोडिंग करणाऱ्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल, कारण तो २ चा १५ वा घात आहे. सर्किट या आकड्याला १५ वेळा निम्मं करतं आणि बरोबर सेकंदाला एक ठोका मिळतो. त्या ठोक्यावर छोटी मोटर काटा पुढे ढकलते. असं घड्याळ महिन्याला साधारण १५-२० सेकंद चुकतं, बस.

आता मेकॅनिकल घड्याळ. यात बॅटरी नाही, चिप नाही. चावी दिली की आत एक स्प्रिंग गुंडाळली जाते. ती सुटताना दातेरी चाकं फिरवते. पण ती मोकळी सोडली तर सगळी ताकद काही क्षणांत संपेल. म्हणून मध्ये बसतो एस्केपमेंट नावाचा पहारेकरी, आणि त्याला ताल देतं बॅलन्स व्हील. हे चाक डावीकडे-उजवीकडे डोलतं आणि प्रत्येक झोक्याला गाडी एक पाऊल पुढे जाऊ देतं. आजच्या बऱ्याच घड्याळांत अशी तासाला २८,८०० पावलं पडतात, म्हणजे सेकंदाला ८. म्हणून त्यांचा सेकंद काटा टकटक न करता सरकल्यासारखा दिसतो. ऑटोमॅटिक म्हणजे हेच सगळं, फक्त चावी देण्याचं काम आत फिरणारं एक वजन करतं. तुमचा हात हलला की ते फिरतं.

आणि डायलवरचं '१७ ज्वेल्स'? ते दागिने नव्हेत. चाकांच्या टोकांना घर्षण कमी व्हावं म्हणून बसवलेले कृत्रिम माणकाचे छोटे बेअरिंग आहेत ते.

स्वित्झर्लंडची सीओएससी ही संस्था क्रोनोमीटर म्हणून प्रमाणपत्र देते तेव्हा दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे, एवढी सूट असते. म्हणजे तुमच्या क्वार्ट्झपेक्षा कितीतरी वाईट! पण दिवसाचे सेकंद ८६,४००. पाच सेकंदांची चूक म्हणजे ९९.९९४ टक्के अचूकता, तीही नुसत्या स्प्रिंग आणि चाकांवर. पैसे आपण या कारागिरीचे देतो. ही गोष्ट तुम्हाला भारी वाटत नसेल, तर लाख रुपये खुशाल वाचवा.

वाटत असेल, तर काउंटरवर हे विचारा.

पहिलं, आतलं मशीन कोणतं? वेगवेगळे ब्रँड बऱ्याचदा एकाच कंपनीचं मशीन वापरतात. ईटीए २८२४ आणि सेलिटा एसडब्ल्यू२०० ही नावं तुम्हाला खूप भेटतील. दोन घड्याळांत तेच मशीन, तीच फिनिशिंग, आणि किमतीत दुपटीचा फरक, तर वरचे पैसे केस, डायल आणि नावाचे. ते देण्यात काही गैर नाही, पण माहीत असावं. 'स्विस मेड'चंही तसंच. २०१७ पासूनच्या नियमात उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधला असावा लागतो, शंभर टक्के नाही.

दुसरं, काच कोणती? सफायर मोहस मापावर ९, म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल कठीण. साध्या मिनरल काचेवर ओरखडे लवकर पडतात. पण सफायर जोरात आपटली तर तीही तडकते.

तिसरं, पाणी. ३० मीटर लिहिलंय म्हणून ३० मीटर खोल जाता येत नाही. त्याचा अर्थ हात धुताना उडणारे थेंब चालतील, इतकाच. पोहायला किमान १०० मीटरचं घ्या. आणि आपल्याकडचा पावसाळा लक्षात ठेवा. आतले रबरी सील जुने होतात, ते बदलावे लागतात.

चौथं, सर्व्हिस कुठे आणि कितीला? मेकॅनिकल घड्याळाला साधारण ५ ते १० वर्षांनी पूर्ण उघडून साफसफाई आणि तेल लागतं. हा खर्च खरेदीच्या दिवशीच विचारून ठेवा, कारण ईएमआय संपेल, हा संपणार नाही. घड्याळ अचानक पुढे धावायला लागलं तर आधी मोबाईलच्या मॅग्नेटवाल्या कव्हरवर संशय घ्या. चुंबकत्व काढायचं काम काही मिनिटांचं असतं.

आता स्वस्तातल्या 'व्हिंटेज'बद्दल. फाव्हर-ल्युबा ही १७३७ ची स्विस कंपनी १८६५ मध्ये मुंबईत आली. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनसोबत बंगळुरूला घड्याळं बनवायला सुरुवात केली. या दोन्ही नावांची घड्याळं आपल्या आजोबांच्या पिढीच्या हातावर होती. आज इन्स्टाग्रामवर ती दोन-तीन हजारात चकाचक दिसतात. त्यातल्या बऱ्याच घड्याळांचे डायल नव्याने रंगवलेले असतात. जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते कौतुक नाही. अक्षरं जाड किंवा पुसट, मिनिटांच्या रेषा वाकड्या, आणि पन्नास वर्षं जुन्या डायलवर झगझगीत निळा-केशरी रंग दिसला, की थांबा.

शेवटी एक गृहपाठ. घरच्या कपाटात आजोबांचं बंद पडलेलं घड्याळ असेल तर ते शोधा. जवळच्या जुन्या घड्याळ दुरुस्तीवाल्या काकांकडे न्या आणि मागचं झाकण तुमच्यासमोर उघडायला सांगा. आज वाचलेलं सगळं आत दिसेल. सर्व्हिस जरूर करून घ्या, पण आधीच सांगा, "काका, डायलला हात लावू नका." पिवळा पडलेला असला तरी तो मूळचा आहे, आणि एकदा रंगवला की परत येत नाही. ते घड्याळ महिनाभर घाला, रोज सकाळी चावी द्या. ते आवडलं तर मग लाखाचा विचार करा.

तुमच्या घरी कोणतं घड्याळ सापडलं ते नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!